फॅमिली गावाला असते

सौदीत माणसांच्या दोनच जाती, फॅमिली आणि बॅचलर. हॉटेलला दोन दारं असायची, एक यांचं, एक त्यांचं. घर भाड्यानं देणारा मालक नाव-गाव नंतर विचारायचा, आधी विचारायचा, फॅमिली की बॅचलर? आणि बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा असं समजणारा नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडायचा. चार पोरांचा बाप का असेना, बायको जवळ नसली की तो बॅचलर. फॅमिली म्हणजे बायको. सरळ बायको. "फॅमिलीला जरा ताप आहे," असं आमच्या शेजारच्या काकांनी एकदा आईला सांगितलं, आणि ताप एकट्या काकूंनाच होता, बाकीचे तिघं खाली क्रिकेट खेळत होते. या एका शब्दानं आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो मी आजही सांगायला बसले की मला आधी हसू येतं. मग येत नाही.

आम्ही फॅमिलीवाले. बाबा मूळचे नाशिकचे, इंजिनीअर, धाहरानच्या पलीकडे एका कारखान्यात. राहायला अल खोबरला. मी तिथल्याच भारतीय शाळेत शिकले, मग पुण्याला बीएस्सी, बीएड केलं, आणि परत येऊन मुलींना विज्ञान शिकवायला लागले. वय सव्वीस. नोकरी माझी, पण इकाम्यावर, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यावर, मी बाबांची मुलगी एवढीच माझी ओळख. भारतात जायचं तर बाबांनी ऑफिसात अर्ज द्यायचा, तेव्हा कुठं पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसणार. बायकांना गाडी चालवायला बंदी, त्यामुळे शाळेची बस नाहीतर बाबा. एवढं सगळं असून मी कुणाच्या बापाला भीत नव्हते, स्वतःच्याही नाही. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं आठवली की मला माझा तो आवाज आठवतो. चाळीस मुलींचा वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करायचे. घरात मात्र नजरेचा उपयोग नसायचा, कारण ती नजर मी जिच्याकडून घेतली ती आई समोरच असायची.

लग्नाचं वय झालं होतं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. स्थळं येत होती. सगळी इंजिनीअर, सगळी 'वेल सेटल्ड', सगळ्यांचे फोटो कुठल्या ना कुठल्या धबधब्यासमोर. मी नाक मुरडायचे आणि आई कपाळाला हात लावायची.

त्याला घरात आणला तो बाबांनीच, हे मी कायम सांगते. दिवाळीला आम्ही मराठी मंडळी एका कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम करायचो. दारं-खिडक्या लावून, आवाज बेतानं ठेवून, पण करायचो. बाबा भावगीतं म्हणायचे. त्या वर्षी आमचे तबलेवाले काका कायमचे भारतात परत गेले आणि बाबांचे हातपायच गळाले. मग कुणीतरी सांगितलं की बाबांच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे पाइप फिटरांचा एक फोरमन आहे, संगमेश्वरकडचा, तबला चांगला वाजवतो, कामगारांच्या कॅम्पात राहतो. बाबा स्वतः गाडी घेऊन गेले आणि त्याला तबल्यासकट घेऊन आले. पहिल्याच तालमीला बाबा तान घेता घेता थांबले आणि म्हणाले, "हात काय आहे पोराचा! वा!" आईनं त्याला तीनदा पोहे वाढले.

मी निवेदन करणार होते. मी मध्ये मध्ये फार बोलते असं सगळ्यांचं मत होतं, पण म्हणायची हिंमत कुणाची नव्हती. तो म्हणाला. तबल्यावरून हात न काढता, वर न बघता म्हणाला, "मॅडम, तुमचं झालं की सांगा, तोवर मी डग्गा चढवून घेतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या तालमीला मी निवेदन निम्मं केलं आणि ते खरंच चांगलं झालं. मग फोन सुरू झाले. तो कॅम्पाच्या भिंतीशी उभा राहून बोलायचा, मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे. आमच्या घरचे कपडे त्या वर्षी फारच धुतले गेले. दोन दिवाळ्या अशा गेल्या. त्याच्याशी बोलताना मला आवाज चढवावा लागत नसे, आणि चढलाच तरी तो घाबरत नसे. मला आणखी काय हवं होतं? मी ठरवून टाकलं.

आईला सांगितलं ते स्वयंपाकघरात, ती कोथिंबीर निवडत असताना. "मला तो तबलेवाला आवडतो आणि मी त्याच्याशी लग्न करणार आहे."

आईनं कोथिंबीर खाली ठेवली. "कॅम्पातला?"

"कॅम्पातला."

"अगं, फिटर आहे तो!"

"फोरमन आहे."

"बाबांना काय सांगू मी?"

"सांगू नकोस. मी सांगते." आणि सांगितलं, जेवताना. बाबांनी हात धुतले, बातम्या लावल्या. आमच्या बाबांचं हे असंच, आतून पेटले की बाहेरून बातम्या बघतात. मी मनात म्हटलं, तबल्याला चालतो, तीनदा पोह्यांना चालतो, जावई म्हणून चालत नाही काय? बघते ना.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, पण आधीच सांगते, नाहीतर घोळ समजायचा नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्याला फोन केला. निमित्त पुढच्या कार्यक्रमाचं. दोन वर्षांत कुणीही त्याला तबल्याच्या पलीकडे काही विचारलं नव्हतं. बाबांनी विचारलं, "काय हो, फॅमिली कुठं असते तुमची?"

आता हा बिचारा. मी घरी सांगितलंय हे त्याला ठाऊक होतं. मुलीच्या बापाचा फोन आला म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला म्हणे. त्याला वाटलं, ही स्थळाची चौकशी आहे, फॅमिली म्हणजे घराणं, घरची माणसं. एरवी कॅम्पात त्यालाही फॅमिलीचा अर्थ चांगला माहीत होता, पण त्या क्षणी डोकं चाललं नाही. तो म्हणाला, "फॅमिली गावाला असते, काका. सगळं ठीक आहे. आमची छोटी यंदाच बालवाडीत जायला लागली."

छोटी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. एकत्र घर, त्यामुळे 'आमची'. बाबांनी फोन ठेवला आणि घरी येऊन आईला सांगितलं की त्या माणसाचं लग्न झालेलं आहे, त्याला मूल आहे, आणि आपल्या मुलीला तो... पुढचं त्यांना बोलवेना.

मला यातलं काहीच माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की दोघांच्या तोंडाला कुलूप लागलंय. आई भाजी जाळत होती. बाबा मला शाळेत सोडताना आरशातून माझ्याकडे असं बघायचे, जसं कुणी आजारी माणसाकडे बघतं. मी म्हटलं, एवढं काय? फिटरच आहे ना, दरोडेखोर तर नाही! मला आधी राग आला, मग कीव आली, मग परत राग आला. शेवटी गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चहा पिता पिता मीच विषय काढला. "तुम्ही दोघं किती दिवस असं तोंड पाडून बसणार आहात?"

आई म्हणाली, "तुला खरंच काही वाटत नाही?"

"काय वाटायचं? मी पहिल्या दिवशीच सांगितलं ना सगळं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आई, दोन वर्षं ओळखते मी त्याला. मला माहीत नसणार?"

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. आई पुढं सरकून हळू आवाजात म्हणाली, "आणि तिचं काय? त्या गावाकडच्या बाईचं?"

मला वाटलं, सासूबद्दल विचारतेय. मला बरंच वाटलं, चला, गाडी रुळावर आली. "अगं, त्यांचं काहीच नाही! त्यांना सगळं ठाऊक आहे. मी फोनवर बोललेय त्यांच्याशी. फार गोड बोलतात. म्हणाल्या, तू ये तर खरी, आपण दोघी मिळून त्याला सरळ करू."

आईनं हातातला कप टेबलावर ठेवला. "दोघी मिळून?"

"हो. आणि म्हणाल्या, मला मेलीला आता काम होत नाही, तू आलीस की मी सुटले."

"देवा रे," आई म्हणाली. बाबा उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले. म्हणाले, "कसली माणसं आहेत ही!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "कसली म्हणजे? काय वाईट बोलल्या त्या?"

"आणि ते लेकरू?" आई जवळजवळ ओरडली. "त्या लेकराच्या तोंडाकडे कसं बघशील तू?"

"कोण, छोटी? ती तर आत्तापासूनच मला काकी म्हणते फोनवर."

आईनं पदर तोंडाला लावला. "काकी म्हणायला शिकवलं तिला! एवढ्याशा पोरीला फसवता तुम्ही?"

"फसवतो काय? मग काय म्हणणार ती? काकाची बायको ती काकीच ना!"

"काकाची?"

"हो, काकाची. छोटीचा काका आहे तो. तिचे बाबा म्हणजे याचे थोरले भाऊ, त्यांचं संगमेश्वरला किराणा दुकान आहे. आई, तुला झालंय काय?"

आईनं पदर तोंडावरून खाली घेतला. मग ती बाबांकडे वळली आणि एकेक शब्द मोजून म्हणाली, "अहो. तुम्ही त्याला नेमकं काय विचारलंत?"

बाबांनी सांगितलं. त्यानं काय उत्तर दिलं तेही सांगितलं. सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं बहुतेक, कारण शेवटचे शब्द फार बारीक आवाजात आले. आई हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, खुर्चीवरून घसरायची वेळ आली. "अहो, पोराला मुलीचा बाप फॅमिली विचारतो आणि तो काय... अगं बाई, काय हो तुम्ही!" मलाही कळलं तेव्हा मी जमिनीवरच बसले. आम्ही दोघी हसत होतो आणि बाबा मधोमध बसले होते, अजिबात न हसता.

तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, फजिती झाली म्हणून रुसलेत. मी मनातल्या मनात लग्नाची साडी निवडत होते.

शनिवारी शाळा सुरू झाली आणि गाडीत बाबा बोलले. रस्ता सरळ होता, एका बाजूला समुद्र. ते म्हणाले, "त्याचं लग्न झालेलं असतं तर बरं झालं असतं."

"बाबा!"

"नाही म्हणायला मला कारण मिळालं असतं. आता तुला खरं कारण सांगावं लागणार." आणि त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, सिग्नलला थांबत थांबत. त्याच्या इकाम्यावर पेशा पाइप फिटर असा आहे. फोरमन झाला तरी कागदावर फिटरच. फिटरला फॅमिली व्हिसा मिळत नाही. म्हणजे लग्न झालं की तो कॅम्पात आणि तू संगमेश्वरला, सासूजवळ. तो दोन वर्षांतून एकदा येणार, दोन महिने राहणार आणि परत जाणार. "माणूस चांगला आहे. तो कॅम्पात राहतो म्हणून मी नाही म्हणत नाहीये. कॅम्पात मी पण राहिलोय."

ते खरं होतं. माझा जन्म नाशिकचा. पहिली सहा वर्षं बाबा जुबैलला कॅम्पात होते आणि आई मला घेऊन सासरी. मी म्हटलं, "तुम्ही केलंतच ना ते? निभावलं ना?"

"तुझी आई होती म्हणून निभावलं," बाबा म्हणाले. "तिनं कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. तुझं तसं नाही. तुझी जीभ बघता तू महिनाभर टिकणार नाहीस." शाळेचं फाटक आलं. मी दार आपटून उतरले.

दिवसभर शिकवताना माझं लक्ष नव्हतं. व्हिसाचा विचार मी केलाच नव्हता असं नाही, केला होता, पण होईल काहीतरी, पेशा बदलून मिळेल, असा. त्यालाही तसंच वाटत असणार असं मी धरून चालले होते. बाबा म्हणतात तसं होणार असेल तर मला ते लग्न नको होतं. आणि तो तर मला हवा होता. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "त्याला शुक्रवारी जेवायला बोलवा. तुम्हाला जे विचारायचं ते त्याच्या तोंडावर विचारा. आणि या वेळी नीट शब्दांत विचारा."

तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बुरैद्याच्या खजुराचा डबा, तबला नाही. तबल्याशिवाय मी त्याला पहिल्यांदाच आमच्या घरात बघत होते आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आईनं वरणभात, मटकीची उसळ आणि सुरमई केली होती. बाबांनी हवापाण्याचं, कारखान्याच्या शटडाउनचं सगळं बोलून घेतलं, आणि मग म्हणाले, "लग्नानंतरचा विचार काय तुमचा? व्हिसाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

"हो काका," तो म्हणाला. "अजून तीन-चार वर्षं इथं काढायची म्हणतोय. तोवर ह्या राहतील गावी, आईजवळ. आई त्यांना काही कमी पडू देणार नाही. मी सुट्टीला येईनच."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. काही कमी पडू देणार नाही! जसं काही मी ठेवायला दिलेलं सामान. तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली. आमच्या घरात असल्या विषयांवर आई कधी बोलत नसे. 'बाबांना विचार' हे तिचं ठरलेलं उत्तर.

ती त्याला म्हणाली, "मी सांगते तुम्हाला कसं असतं ते. हे जुबैलला होते तेव्हा फोन नव्हता आमच्याकडे. हे कॅसेट भरून पाठवायचे. कुणी सुट्टीवर आलं की त्याच्या हातून यायची. ती आली की सासूबाई सगळ्यांना बोलवायच्या. सासरे, दीर, जावा, नणंदा, कधी शेजारचे पण. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायचा आणि सगळ्यांनी ऐकायची. आई, पाय कसे आहेत. अण्णा, गाईला चारा आला का. एकेकाचं नाव घेऊन बोलायचे हे. माझी पाळी शेवटी. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत असायचे. त्यात हे काय म्हणणार? म्हणायचे, बाकी सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून राहा. ते बाकी सगळे म्हणजे मी."

बाबा म्हणाले, "अगं, मला वाटायचं, तू नंतर एकटी ऐकत असशील."

"कॅसेट सासूबाईंच्या कपाटात असायची."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. जातानाही विचारलं नाहीत. तिकीट आलं तेव्हा सांगितलंत." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, वरणाचा डाव हातात धरून. मला एकदम रडू यायला लागलं आणि ते मी उसळीच्या घासाबरोबर गिळलं. सहा वर्षं ही बाई गप्प बसली होती आणि बाबा त्याला निभावणं म्हणत होते. मीही तेच म्हणत आले होते.

मग आई त्याला म्हणाली, "म्हणून विचारते. हिला ठेवून जाल?"

त्यानं भातात उगाच आणखी वरण कालवलं. माझा संयम संपला. आईबाबांसमोर त्याच्याशी बोलताना मी अहो-जाहो करत आले होते, तेही विसरले. "हे बघ," मी म्हटलं, "मी तुझ्या आईजवळ राहीन, तुझ्या छोटीची वेणी घालीन, सगळं करीन, पण तू तिथं असलास तर. तू येणार असशील तर लग्न. नसशील तर तू आपला तबला वाजव."

बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. तो ताटातल्या सुरमईकडे बघत होता. त्याला सौदीत येऊन सात वर्षं झाली होती, नुकती कुठं फोरमनची टोपी डोक्यावर चढली होती, आणि मी त्याला ती उतरवून ठेव म्हणत होते, हे मला कळत होतं. तरी मी मागं हटणार नव्हते. पण हा नाही म्हणाला तर?

तो म्हणाला, "येतो."

"काय येतो?" बाबा म्हणाले. "नोकरीचं काय?"

"मिळेल काका. पाइप तिकडं पण असतात. लोट्याला कारखाने आहेत, आमच्यापासून फार लांब नाही. हे काँट्रॅक्ट संपलं की परत करत नाही. उन्हाळ्यात संपतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आधी बोलायला काय झालं होतं तुला? मला वाटलं, तू इंजिनीअरची मुलगी, मी नोकरी सोडली तर तूच नको म्हणशील."

"मी?" मी म्हटलं. "मी तुला दोन वर्षांत कधी काही बोलायचं ठेवलंय?"

आई हसली. तिनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि म्हणाली, "मग ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला लग्न करू."

"अगं, थांब," बाबा म्हणाले. "मी अजून हो म्हटलेलं नाही."

"माहितीये," आई म्हणाली. "तुम्ही मला न विचारता गेलात. मी मुलगी तुम्हाला न विचारता देतेय."

तो बिचारा घास तोंडात घेऊन तसाच बसला होता. बाबांचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता उठतात आणि बातम्या लावतात. पण ते उठले नाहीत. आईकडे बघत राहिले आणि परका माणूस समोर बसलाय हे विसरून म्हणाले, "एवढी वर्षं झाली. अजून रागावलीयस?"

"हो," आई म्हणाली.

आणि मग, कढी वाढू का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "उद्या ऑफिसात हिच्या एक्झिटचा अर्ज द्या. माझाही द्या. शाळा संपली की आम्ही दोघी पुढं जातो, नाशिकचं घर उघडतो, तयारीला लागतो. तुम्ही लग्नाच्या आठवड्यात या."

"म्हणजे दोन महिने? मी इथं एकटा काय करू?"

"मला फोन करा," आई म्हणाली. "तिकडं ऐकायला मी एकटीच असेन."

बाबांनी दोन्ही अर्ज दिले. आम्ही नाशिकला गेलो, आणि त्यांचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. मी उचलला तर माझी चौकशी दोन वाक्यांत आटपायचे आणि म्हणायचे, आईला दे. बाहेरच्या खोलीत मी पत्रिकांवर पत्ते घालत बसलेली असायचे, मामी रुखवताचं काहीबाही विचारत असायची, आणि आई फोन घेऊन आत जायची आणि दाराला आतून कडी लावून घ्यायची.